केडन, राहना आणि पाण्याचा ग्लास : मास इफेक्टमधलं एकतर्फी प्रेम अन् गुरू-चेले

सेतूवाला

आधीच सांगून ठेवतो, खाली तिन्ही भागांची कथा फोडलेली आहे. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी पहिले खेळून या, धागा कुठे पळून जात नाही.

मास इफेक्ट हा व्हिडिओ गेम. पहिला भाग २००७ चा, दुसरा २०१० चा, तिसरा २०१२ चा. तिन्ही एकत्र करून, चेहरेमोहरे सुधारून काढलेली लेजंडरी एडिशन १४ मे २०२१ ला आली. बावीसावं शतक, शेपर्ड नावाचा कमांडर (बाई घ्या नाहीतर बुवा, आपली मर्जी), नॉर्मंडी नावाचं जहाज, आणि दर पन्नास हजार वर्षांनी येऊन सगळ्या पुढारलेल्या जाती साफ करणारी रीपर नावाची यंत्रं. या खेळावर बोलणारे भेटले की बोलतात बंदुकांवर, नाहीतर तिसऱ्या भागाच्या शेवटावर, आणि त्या शेवटावर तर अजूनही भांडतात. मला बोलायचं आहे मोहीम संपल्यावर जहाजावर फिरताना होणाऱ्या गप्पांबद्दल. बरेच जण त्या बटण दाबून पळवतात.

पहिल्या भागात केडन अलेंको नावाचा लेफ्टनंट आहे. मिळमिळीत म्हणून बदनाम. पोरगा बायोटिक आहे, म्हणजे हात न लावता वस्तू उचलणं, समोरच्याला भिंतीवर आपटणं ही ताकद अंगात. डोक्यात जुन्या पद्धतीचं एल-२ रोपण, त्यामुळे अर्धशिशी कायमची. त्याच्याजवळ दोन-चार मोहिमांनंतर परत परत जाऊन उभं राहिलं तर तो शाळेतलं सांगतो.

माणसांत अशी पोरं नव्यानेच जन्माला येत होती. त्यांना शिकवायचं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून प्लूटोच्याही पलीकडे, जम्प झीरो नावाच्या स्थानकावर पोरं नेऊन ठेवली आणि शिकवायला व्हर्नस नावाचा ट्युरियन आणला. ट्युरियन म्हणजे ज्यांच्याशी माणसांची लढाई होऊन फार वर्षं झाली नव्हती तेच लोक. हा मास्तर वर्गात आला तोच ‘तुमच्या बापाला ज्या जहाजाने मारलं ते मी चालवत होतो’ अशी ओळख करून देत. त्याचा कायदा असा की प्रत्येक काम बायोटिक ताकदीनेच करायचं. तहान लागली तरी ग्लास तसाच ओढून घ्यायचा.

वर्गात राहना नावाची पोरगी होती. तुर्कस्तानातली, श्रीमंत घरची, पण कशाचा तोरा नाही. केडनचा जीव तिच्यावर. एक दिवस तिने थकून पाण्याच्या ग्लासाला साधा हात लावला. व्हर्नसने तिचा हात मोडला. केडन उठून उभा राहिला. मास्तरने त्याला बदडलं, वर सुरा काढला. केडनने अंगात होती नव्हती ती सगळी ताकद एका फटक्यात सोडली. मास्तरची मान मोडली. केडनचं वय सतरा.

इथवर आपल्याला ओळखीचं आहे. नायक उठतो, खलनायक मरतो, पोरगी धावत येते. इथे ती धावत आली नाही. राहना त्यानंतर केडनला घाबरायला लागली, आणि संपलं. तो सांगतो तेव्हा तिला एका शब्दाने दोष देत नाही. मागे गेला नाही, पत्रं पाठवली नाहीत, ‘तुझ्यासाठीच केलं ना’ म्हटलं नाही. तेव्हापासून स्वतःवर झाकण ठेवून जगतो. ज्याला आपण मिळमिळीत म्हणतो ते हे झाकण आहे.

आणि तिसऱ्या भागात हाच केडन मेजर होतो, बायोटिक सैनिकांना शिकवल्याचं सांगतो.

दुसरीकडे जॅक. लहानपणी सर्बेरस नावाच्या संघटनेने प्रेगिया ग्रहावर तिला कोंडून ठेवलं, प्रयोग केले, ‘सब्जेक्ट झीरो’ हेच नाव. दुसऱ्या भागात ती दिसेल त्याला फाडून खायला निघालेली. तिसऱ्या भागात ग्रिसम अकॅडमीत मास्तरीण! पोरं तिला चिडवतात, ती पोरांसमोर शिव्या गिळते, आणि शत्रू आला तर त्यांच्यापुढे उभी राहते.

शिकवण्याच्या नावाखाली ज्यांना चेचलं त्या दोघांच्याही हातात लेखकांनी पुढे वर्ग दिला. हे मुद्दाम केलं असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. शिवाय ‘नाही’ ऐकून घेणारं पात्र तुम्हाला कोणतं आवडलं तेही लिहा, कारण माझ्या लेखी या खेळातलं सगळ्यात चांगलं प्रेम तेच आहे जे जुळत नाही.

पांदण

भाऊ तुमी लय मोठं लिवलं पण मी तं केडनले पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावरच मराले सोडून आलो होतो ना! 😅 तथी जहाजावरच्या दोघांपैकी एकालेच वाचोता येते, अ‍ॅशली नावाची सैनिक पोरगी नाहीतर केडन. मी म्हटलं हा पोट्टा सदा डोकं धरून बसते, अ‍ॅशली निदान बंदूक तं नीट चालोते. तुमी सांगितली ते पाण्याच्या ग्लासाची गोष्ट मले मालूमच नाही. म्या त्याच्याशी कधी बोललोच नाही.

सेतूवाला

पांदण, लेका, यात तुझी काय चूक, खेळच तसा बनवला आहे. जो बोलला नाही त्याला केडन म्हणजे जहाजाच्या कोपऱ्यात उभा राहणारा एक गडी. आणि निवड करायची वेळ येते तेव्हा घड्याळ चालू असतं. माणूस ओळखीच्याला वाचवतो.

खोचक

धागा चांगला आहे पण थोडं पाणी ओततो.

‘न जुळणारं प्रेम सर्वात चांगलं’ हे ठीक, पण याच खेळात जुळणारं प्रेम कसं जुळतं ते पण सांगा ना. मोहीम करा, जहाजावर या, गोड पर्याय निवडा. परत मोहीम, परत गोड पर्याय. शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री ती किंवा तो तुमच्या खोलीत हजर. त्याची ट्रॉफीसुद्धा मिळते. म्हणजे पोट्ट्यांना शिकवलं काय, तर नेमाने चांगलं बोलत राहिलं की समोरच्याने हो म्हणायलाच पाहिजे. आमच्या गावातल्या निम्म्या मजनूंचा हाच गैरसमज आहे. ‘रोज तिला कॉलेजच्या एसटीत जागा धरून ठेवली, तरी बोलत नाही.’ अरे पण तिने सांगितलं होतं का जागा धर म्हणून?

एक केडन आणि एक राहना दाखवून बाकी दहा ठिकाणचा हिशेब मिटत नाही.

वरुडची_संत्री

खोचकदादा, पटलं, पण अर्धंच. पहिल्या भागात जहाजावरची संशोधक लिआरा आणि केडन (किंवा अ‍ॅशली) दोघांशीही गोड बोलत बसलात तर ते दोघं येऊन उभेच राहतात समोर, की आता काय ते एकदा ठरव. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा असली घाबरले होते! 🙈 दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याला खेळ तेवढा तरी जाब विचारतो.

आणि सामारा कशी विसरलात सगळे? दुसऱ्या भागातली. हजाराच्या घरात वय असलेली, असारी नावाच्या जातीतली, जस्टिकार, म्हणजे कडक व्रत घेतलेली योद्धा. तिच्याशी तुम्ही कितीही चांगलं वागा, सगळ्या मोहिमा करा, तिच्या पोरीचं प्रकरण निस्तरा, तरी शेवटी ती ‘नाही’ म्हणते. बरं, तिला काही वाटत नाही असं नाही. वाटतं, हे तिच्या बोलण्यात कळतं. पण तिचं व्रत आणि तिच्या मागे उभं असलेलं आयुष्य तिला जास्त जड आहे. मी बाई शेपर्ड घेऊन खेळले, माझ्या भावाने बुवा घेतला, उत्तर दोघांना एकच. आमचा भाऊ दोन दिवस फुगून बसला. म्हणे सगळं बरोबर निवडलं होतं तरी असं काऊन झालं? मी म्हटलं, गड्या, याच्यात तुझा पेपर तपासून नाही राहिली ती!

खोचकदादांच्या ट्रॉफीवाल्या मुद्द्याला सामारा हे उत्तर आहे. सगळे गुण मिळूनही निकाल लागत नाही.

खोचक

सामारा मान्य. ती मला आठवलीच नाही कारण मी गोड पर्याय निवडतच नाही. 😎

झाडीची_मास्तरीण

नमस्कार. मी हा खेळ स्वतः खेळलेली नाही. मुलगा खेळतो, मी बाजूला भाजी निवडत खालची अक्षरं वाचते, त्यामुळे गोळीबारात काय होतं ते विचारू नका, पण बोलणं एकूण एक ऐकलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

राहनाबद्दल दोन गोष्टी बोलायच्या आहेत.

सेतूवाला भाऊंनी लिहिलं की ती घाबरायला लागली. वाचणाऱ्याला वाटेल बिचाऱ्या केडनवर अन्याय झाला. मला तसं वाटत नाही. शाळकरी पोरीने एकापाठोपाठ दोन गोष्टी पाहिल्या. एकाने तिचा हात मोडला आणि दुसऱ्याने तिच्या नावाने माणूस मारला. तिच्या जागी मीही दोघांपासून लांब गेले असते. आपल्याकडे एकतर्फी प्रेम म्हटलं की वर्तमानपत्राच्या कोणत्या पानावर नजर जाते ते या धाग्यावरच्या बायकांना विचारा. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला काय झालं ते आपल्या विदर्भातच झालं, एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात जाळलं. त्यानंतर आमच्या तालुक्याच्या ठिकाणी कॉलेजला जाणाऱ्या मुलींना घरून किती दिवस सोडायला-आणायला बाप जात होते. म्हणून केडन मागे गेला नाही ही गोष्ट मला फार मोठी वाटते. लेखकाने ती ओळखून लिहिली आहे. त्या पोराला ती भीती खोटी वाटत नाही.

दुसरं, त्या ग्लासाबद्दल. मी ज्या शाळेत शिकले तिथे एक गुरुजी होते. तास चालू असताना कोणी पाणी मागितलं तर त्याला उन्हात उभं करायचे. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, त्या उन्हापायीच विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. माझ्या बाकावरची मुलगी एकदा तशी उभी राहिली आणि चक्कर येऊन पडली. पुढच्या वर्षी ती शाळेतच आली नाही, आणि ‘का आली नाही’ हे कोणी विचारलं नाही. गुरुजी मात्र निवृत्तीपर्यंत ‘शिस्तीचे’ म्हणून ओळखले गेले.

माझ्या वर्गात माठ दाराशी आहे. उठायचं, प्यायचं, येऊन बसायचं. विचारायचं नाही. वरिष्ठ तपासणीला आले होते तेव्हा एक पोरगा त्यांच्यासमोरून उठून गेला, घटाघट पाणी प्यायला, बाहीला तोंड पुसलं आणि येऊन बसला. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

तेव्हा केडन आणि जॅक शिक्षक का झाले, याचं उत्तर मला तरी कठीण वाटत नाही.

सेतूवाला

ताई, राहनाच्या बाजूने कोणी इतकं नीट बोललेलं मी पाहिलं नव्हतं. ‘दोघांपासून लांब’ हे अगदी बरोबर. खेळात आपल्याला तिची बाजू कधी ऐकायलाच मिळत नाही, केडन सांगेल तेवढीच.

एक भर घालतो. तिसऱ्या भागात केडन जिवंत असेल आणि शेपर्डशी त्याचं नीट जमलं असेल तर सिटाडेल नावाच्या मोठ्या अंतराळ स्थानकावरच्या एका हॉटेलात तो जेवायला बोलावतो आणि मनातलं सांगतो. शेपर्ड बुवा असला तरी सांगतो, पहिल्या दोन भागांत ती वाट नव्हती. आपण तिथे ‘मित्रच राहू’ म्हणू शकतो. मी एकदा मुद्दाम तसं म्हणून पाहिलं. हिरमुसतो, पण टेबल सोडून जात नाही. पुढच्या मोहिमेत आधीसारखाच पाठीशी. राहनाच्या वेळी सतरा वर्षांच्या पोराला जे जमलं ते आता तिशी उलटलेल्या गड्याला जमतंच आहे.

धुरकरी

गॅरसबद्दल कोणी बोलाल की नाही?

गॅरस व्हाकारियन, ट्युरियनच, पण व्हर्नसच्या अगदी उलटा. पहिल्या भागात सिटाडेलवरचा पोलीस, कायद्याला वैतागलेला. शेपर्ड त्याला काय शिकवतो त्यावर त्याची चाल बदलते. दुसऱ्या भागात हा ओमेगा नावाच्या गुंडांच्या स्थानकावर स्वतःची टोळी बांधतो, आर्चेंजल नावाने. सिडोनिस नावाचा त्याच्यातलाच एक जण दगा देते आन् बाकीचे सगळे मरतात. मग गॅरस त्याले माराले निघते. तेव्हा शेपर्ड त्याच्या बंदुकीच्या रेषेत जाऊन उभा राहू शकते. दुर्बिणीतून गॅरसले सिडोनिस नाही दिसत, गुरूचं डोकं दिसते. असा मास्तर पाहिजे बाप्पा. सरळ मधात उभा राह्यला.

माह्ये वस्ताद शंकरपटातले, म्हंजे बैलजोड्यायच्या शर्यतीतले. बैलजोडी हाकणं त्यायनंच शिकवलं. पहिल्या पटात म्या जोडीले पुराणी टोचाले हात उचलला तं म्हाताऱ्यानं दानीच्या कडेले उभं राहून नुसतं पाह्यलं माह्याकडे. ओरडले नाही. हात आपोआप खाली आला. जोडी हरली. घरी येऊन त्यायनं मले जेवाले बसोलं, बैलायले ढेप खाऊ घातली, विषय काढला नाही.

आता तिसऱ्या भागातली बाटल्यांची गोष्ट. गॅरस शेपर्डले सिटाडेलच्या एका उंच जागेवर नेते, जथी जायची मनाई आहे तथी. बाटल्या हवेत फेकाच्या आन् नेम लावाचा, कोण भारी ते ठरवाचं. शेवटच्या बाटलीले खेळ आपल्याले विचारते, उडवता का मुद्दाम चुकवता? मी चुकवली. गॅरस असा खूश झाला, म्हणे आता सांगतो साऱ्या जगाले! मले वाटते चेल्याले एकदा तरी जिंकू द्या लागते.

वरुडची_संत्री

मी नाही चुकवली! आणि चुकवणार पण नाही. 😤 गॅरस काय लहान पोर आहे का? त्याला कळलं असतं तर किती वाईट वाटलं असतं. खरा नेम लावला तर हरला तरी मान राहतो.

धुरकरी

ताई, कळलंच असन त्याले. इतका नेमबाज हाये, त्याले दिसत नसन का? पण त्यानं घेतलं ना आनंदानं. मोठ्यानं दिलेलं घ्या लागते कधी कधी.

वरुडची_संत्री

हम्म. हे पचायला वेळ लागेल. पण बाटली उडवणारच. 😄

बरं, टालीचं पण सांगते. टाली’झोरा, क्वेरियन पोरगी, कायम मुखवट्यात, कारण तिच्या लोकांची रोगप्रतिकारशक्ती इतकी कमी की मोकळ्या हवेत आजारी पडतील. पहिल्या भागात ती शिकाऊ आहे, शेपर्डकडे बघत बघत मोठी होते. दुसऱ्या भागात स्वतःची माणसं घेऊन मोहिमा करते. बुवा शेपर्ड असेल तर तिचं त्याच्यावरचं प्रेम जुळू शकतं. माझ्यासारखी बाई शेपर्ड असेल तर तो विषयच नाही. आणि बुवा असून दुसरीकडेच गुंतला असेल तर? ती तोंडातून काढत नाही. बंदोबस्तात राहते, यंत्र दुरुस्त करते, निघून जाते. तिसऱ्या भागात शेपर्डने टालीलाही नाही आणि गॅरसलाही नाही निवडलं, तर ते दोघं एकमेकांत गुंतलेले सापडतात, गॅरसच्या तोफेच्या खोलीत! मी दार उघडलं आणि खुर्चीवरून पडायचीच राहिले होते. मला आनंद झाला, पण थोडं टोचलंही, कारण त्या दोघांचं सगळं माझ्या नजरेआड घडलं होतं. आपल्याला वाटतं जहाजावरचे सगळे आपण येऊन बोलायचीच वाट पाहत बसलेत.

नवखा_दिग्रस

सगळे इतकं बोलून राहिले म्हणून विचारतो, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालेल का? आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड होईल का?

सेतूवाला

रॅम आठ जीबी कमीत कमी लागते, तेवढं आहे तुझ्याकडे. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर विसर. आणि लेजंडरी एडिशनला १२० जीबी जागा मोकळी पाहिजे. हॉटस्पॉटवर दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये करशील तर उन्हाळा येईल. कोणाकडे तरी फायबर असेल तिथे रात्रभर लावून ठेव, आणि लाइन जाते म्हणून डाउनलोड मधूनच पुढे चालू होतंय का ते आधी तपास. जुने सुटे भाग घेतले तर जागा बरीच कमी लागते, पण एका भागातले निर्णय पुढच्या भागात न्यायचे तर सेव्ह फाइल जपून ठेव. या खेळाची निम्मी गंमत तिच्यात आहे.

खोचक

परत मुद्द्यावर. तुम्ही सगळे चांगल्या गुरूंचं कौतुक करता आहात. मला मॉर्डिन आणि मेलनबद्दल बोलायचं आहे, कारण तिथे गुरू चांगला आणि चेला बिघडलेला.

मॉर्डिन सोलस, सलेरियन जातीचा शास्त्रज्ञ, बडबड्या, गाणं म्हणणारा. क्रोगन नावाच्या लढवय्या जातीची पोरं जन्मतःच मरावीत म्हणून सोडलेल्या जेनोफेज रोगाची सुधारित आवृत्ती बनवण्यात याचा हात. हुशार माणूस, आणि केलं ते बरोबरच होतं हे आकडे मांडून पटवून देणारा. त्याचा चेला मेलन त्याच पापाने अस्वस्थ होतो आणि तोडगा शोधायला तुचांका ग्रहावर जातो. पण शोधतो कसा? जिवंत क्रोगन बायकांवर प्रयोग करून. मॉर्डिन ते पाहतो आणि स्वतःच्या चेल्यावर बंदूक रोखतो. शेपर्ड हात धरू शकतो किंवा गोळी सुटू देऊ शकतो.

आता गंमत बघा. मेलनने मिळवलेली माहिती ठेवायची की पुसायची हेही आपल्यालाच ठरवायचं असतं. पुसली तर हात स्वच्छ. ठेवली तर तिसऱ्या भागात ईव्ह नावाची क्रोगन बाई वाचते, पुसली असेल तर मरते. म्हणजे ज्या क्रूर चेल्याला तुम्ही शिव्या घातल्या त्याच्या वहीमुळे पुढे जीव वाचतो. आणि मॉर्डिन स्वतः त्या इलाजासाठी बुरुजावर चढून मरतो. लहान वयात खेळताना मी माहिती पुसली होती, तत्त्व म्हणून. आज ठेवेन.

गुरूला चेल्याची लाज वाटते कारण त्याला स्वतःचंच थोबाड दिसतं. मेलनला मास्तरने शिकवलं तेच त्याने केलं, उलट्या दिशेने. तेव्हा सेतूवाला, तुमचा ‘चेचलेली पोरं चांगले शिक्षक होतात’ हा सिद्धांत जरा आवरा. प्रेगियावर जॅकसोबत वाढलेला आरेश आठवतो का? तोही तिथूनच वाचला, आणि मोठा होऊन ते केंद्र परत सुरू करायला आला.

सेतूवाला

आरेश! बरोबर पकडलंत. जॅक बॉम्ब घेऊन आलेली आणि तो त्याच भिंती डागडुजी करायला. दोघं एकाच केंद्रातले. मग फरक कशाने पडला? जॅकला मध्ये शेपर्ड भेटला, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते पूर्ण नाही हे कळतं मला.

झाडीची_मास्तरीण

फरक एका भेटीने पडत नाही, भाऊ. दोघांनी आपल्या दुःखाचा अर्थ वेगळा लावला. आरेशला वाटत होतं की एवढं सोसलं त्यातून काहीतरी निघालंच पाहिजे, नाहीतर ते फुकट गेलं. म्हणून तेच परत. मी असे पालक रोज पाहते. ‘आम्ही मार खाल्ला म्हणून शिकलो, बाई, तुम्ही पण हाणा पोराला.’ त्यांना कसं सांगू, की तुम्ही मार खाऊनही शिकलात? जॅकला आपलं सोसणं सार्थकी लावायचं नाहीच. तिला ते फक्त बंद करायचं आहे. अशी माणसं वर्गात पाहिजेत.

मुलाशी माझं भांडण झालं ते ग्रिसम अकॅडमीच्या शेवटी. पोरं वाचतात, आता युद्धात त्यांना कुठे पाठवायचं ते शेपर्डने ठरवायचं. आघाडीवर लढायला, की मागे राहून इतर सैनिकांना कवच पुरवायला. माझ्या मुलाने आघाडी निवडली. म्हणे आई, त्यांना तयारच त्यासाठी केलं आहे, मागे ठेवलं तर अपमान होईल, पोरं मोठी झालीत. मी म्हटलं, माझ्या वर्गातली सातवीची पोरं पण मोठी झालीत असंच म्हणतात आणि कापूस वेचायला लागली की शाळेत दिसत नाहीत दिवाळीपर्यंत. मोठं होणं कोणाच्या सोयीचं आहे ते पाहायला नको का?

पांदण

मास्तरीणबाई, माह्या मायनं पण मले असंच शाळेतून काढलं होतं वेचणीले. आठवीत. पन तिचीबी सोय नव्हती हो. बाप आजारी होता. तिले काय हौस होती?

झाडीची_मास्तरीण

नाही दादा, तुमच्या आईला मी काहीच म्हणत नाही. ज्यांच्यापुढे दोनच वाटा असतात त्यांची गोष्ट वेगळी. शेपर्डपुढे दोन्ही मोकळ्या होत्या, म्हणून मी मुलाशी भांडले.

धुरकरी

मग पोट्ट्यानं बदललं का?

झाडीची_मास्तरीण

नाही. तो म्हणाला, ‘आई, तू तुझ्या सेव्हमध्ये मागे ठेव.’ आता त्याच्या लॅपटॉपवर माझ्या नावाचं वेगळं सेव्ह आहे. गोळीबार तो करून देतो, बोलणं मी निवडते. सध्या पहिल्याच भागात आहे, आणि केडनशी प्रत्येक मोहिमेनंतर बोलते आहे.

पांदण

मीबी परत सुरू केला पहिल्यापासून. यावेळी व्हर्मायरवर अ‍ॅशलीले सोडा लागन, तिच्यासंगं पण बोललो या खेपेले, तं आता तिचं पण वाईट वाटून राह्यलं. तिच्या आजाचं सांगते ते, शांक्सी ग्रहावर ट्युरियनायपुढे शरण गेला म्हणून साऱ्या खानदानाले डाग लागला. सेतूवाले भाऊ, दोघायले वाचोता येत नाही ना कसंबी? कोणती मोड वगैरे?

सेतूवाला

मूळ खेळात तरी नाही, भाऊ. एकालाच.